सोळा बाय पंचवीस

ऑगस्टचा तिसरा आठवडा. डोंगर पेटलेत,
आणि यकिमाच्या सफरचंदांवर राख बसतेय,
पावडरीसारखी बारीक.
दुकानाबाहेर सूर्य म्हणजे घासायचं राहून गेलेलं तांब्याचं भांडं.
प्लंबिंग संपून रंग सुरू होतात
त्या रांगेत मी उभी असते,
आणि सकाळपासून एकच प्रश्न:
सगळ्यात दाट कोणता?

ओरिन स्टेडमननं तळहातावर पेनानं आकडे लिहून आणलेत.
घामानं पंचविसातले पाच विरघळलेत.
"सोळा बाय वीस-काहीतरी," तो म्हणतो,
"आणि दाट दे. तेरा नंबर.
सोळा नंबर असेल तर सोळा.
हे सगळं वर्ना बघायची."

फर्नेस किती जुनी?
"माझ्या गुडघ्यांएवढी."
खाच केवढी?
अंगठा आणि तर्जनीमध्ये
तो इंचभर हवा धरून दाखवतो.

मग मी ते सांगते, जे दिवसातून तीसदा सांगते
आणि तरी कुणाला आवडत नाही:
दाट जाळी धूर धरते, खरंय,
पण हवेलाही धरते.
एवढ्याशा खाचेत तेरा नंबर बसवलात
तर तोंडावर उशी दाबल्यासारखा
तुमचा जुना पंखा धापा टाकेल;
उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ साचेल,
हिवाळ्यात फर्नेस तापून रुसून बंद पडेल.
आठ नंबर केस अडवेल, परागकण अडवेल,
धूर मात्र त्याच्यातून बहुतेक हसत हसत जाईल.
अति तिथे माती, आणि इथे तर ती
नंबर लावून विकतात.
अकरा घ्या. दोन घ्या.
धुराच्या दिवसांत तीन महिन्यांची वाट पाहू नका,
उजेडासमोर धरून बघा.
पलीकडचा दिवा दिसेनासा झाला, की बदला.

तो ऐकतो. ऐकतो की नाही कोण जाणे.
बाहेर ट्रककडे जातो, परत येतो,
हातात कचऱ्याची काळी पिशवी.
"हा जुना. आकडा तूच वाच,
माझा चष्मा घरी राहिला."

करडी गोधडी झालीय त्याची.
वर मऊ लव, आणि लवेत गुंतलेले
कुत्र्याचे आखूड पांढरे केस.
पुठ्ठ्याच्या कडेवर छापलंय: सोळा, पंचवीस, एक.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत खरं माप,
प्रत्येक बाजूनं थोडं कमीच.
(नावाला जेवढं असतं तेवढं भरत नाही,
हे मी आता कुणाला सांगत बसत नाही.)
आणि त्याच्याही खाली, पेन्सिलीनं, तिरकं:

*दोन मार्च. पेनीचे केस, केस आणि केस.
ओरिननं बूट बाहेर काढावेत.*

मी आकडा वाचायला घेतला होता,
हे सगळं मोठ्यानं वाचून बसले.

"मार्च," तो म्हणाला.
बराच वेळ काहीच नाही.
"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. बुटांपाशी जरा हळू.

अकराचे दोन घेतले त्यानं.
पैसे देता देता विचारलं, "बाण कुठल्या बाजूला?"
फर्नेसकडे, मी म्हणाले. हवा जाते तिकडे.
"ती उभी राहून सांगायची. मी उलटाच बसवायचो."
मग माझ्या कानावरची पेन्सिल मागितली,
काउंटरवरच नवा फिल्टर आडवा ठेवला
आणि कडेवर, शाळेतल्यासारखं दाबून, लिहिलं:
*एकोणीस ऑगस्ट. धूर.*
थांबला.
पुठ्ठ्यावर अजून फूटभर जागा होती.
*बूट बाहेर आहेत.*

जुना इथेच टाका, मागे पेटी आहे, मी म्हणाले.
त्यानं पिशवीला गाठ मारली,
गाठीवर आणखी एक,
आणि ती नव्या फिल्टरांच्याच बगलेत घेतली.

काउंटरवर एक पांढरा केस राहिला होता.
मी फडकं शोधत होते, तेवढ्यात
पलीकडच्या रांगेत कुणीतरी
रंग घुसळायचं यंत्र सुरू केलं.